खाडीपलीकडून : वाळूत बुडालेली शाबिया



मागच्या अंकात लिहिलं होतं की अब्बा येताहेत. अल्हम्दुलिल्लाह, आले. एकतीस वर्षांनी त्यांनी शारजात पाय ठेवला. सोबत आमसुलं, सुके बोंबील, आंब्याची साटं आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत घराचा उतारा नि घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स. ती पिशवी त्यांनी पहिल्या रात्रीच माझ्यापुढे ठेवली. बाणकोटच्या खाडीकाठचं आमचं जांभ्याचं घर घ्यायला पुण्याचं एक गिऱ्हाईक आलंय. त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. मुंब्र्याचा माझा भाऊ म्हणतो, देऊन टाकू. धाकटी बहीण म्हणते, अजिबात नको. अब्बांना माझं मत हवं होतं. मी म्हटलं, "अब्बा, आधी थोडा आराम करा, मग बोलू." आणि पुढचे आठ दिवस मी तो विषय टाळला.

आठ दिवसांत त्यांना जे दाखवायचं असतं ते सगळं दाखवून झालं. उंच इमारत झाली, मॉलमधले मासे झाले, कारंजं झालं. अब्बा प्रत्येक ठिकाणी "माशाअल्लाह" म्हणायचे आणि बसायला बाक शोधायचे. नवव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "आमच्या वेळचं काही उरलंय का गं इथे?"

अब्बा १९७६ मध्ये 'द्वारका' बोटीने मुंबईहून इकडे आले. वय २४. हातात थापी नि ओळंबा. देश होऊन पाच वर्षंही झाली नव्हती, कारण अमिरातीची स्थापनाच २ डिसेंबर १९७१ ची. पुढची एकोणीस वर्षं त्यांनी इथे भिंती बांधल्या. पण आम्ही राहतो त्या भागात सत्तरच्या दशकातलं काय उरलंय? जुनं पाडून नवं, नवं पाडून आणखी नवं. मला उत्तर सुचेना.

उत्तर सुचलं ते ह्यांच्या ऑफिसातल्या म्हसळ्याच्या भाईजानना. हे गृहस्थ थंडीच्या दिवसांत दर सुट्टीला गाडी घेऊन वाळवंटात घुसतात. त्यांची बेगम त्याला 'आजार' म्हणते. ते म्हणाले, "चाचांना अल मदामला नेऊ. सत्तर सालातलं अख्खं गाव आहे. माणसं नाहीत, वाळू आहे. आणि तिथून पुढे मलीहाला जाऊ, मुलांना समुद्राचे शिंपले दाखवू." वाळवंटात समुद्राचे शिंपले म्हटल्यावर आमच्या धाकटीने उड्या मारायला सुरुवात केली. ती दुसरीत आहे, तिला उड्या मारायला कारण लागत नाही.

आता थोडं गाडीबद्दल. आमच्याकडे जुनी पजेरो आहे. मी ती चार वर्षं चालवते, पण डांबरी रस्त्यावर. शाळा, बाजार, दवाखाना. वाळूत कधी नाही. भाईजान म्हणाले, "भाबी, तुम्हीच चालवा. हे चालवतील तर मागून सूचना तुम्ही द्याल, आणि ते जास्त धोक्याचं." ह्यांनी लगेच मान डोलावली. नवऱ्याला कधी कधी फार पटकन पटतं.

जानेवारीतला शनिवार. फजरची नमाज पढून निघालो. दोन गाड्या, कारण वाळूत एकट्या गाडीने जायचंच नाही हा पहिला नियम. कुठे जातोय, किती वाजता परतू, हे शेजारच्या खालांना सांगून ठेवलं होतं. सामानात पाण्याचे चार मोठे कॅन, फावडं, ओढायचा जाड पट्टा, टायरात हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं गेज, प्रथमोपचाराची पेटी. आणि अब्बांच्या आग्रहाखातर एक डबाभर तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या जवळ्याची चटणी. भाईजानची बेगम घमेलंभर बिर्याणी घेऊन आली होती, तरी सगळ्यात आधी संपल्या त्या भाकऱ्या.

शारजा शहरातून बाहेर पडलं की तासाभरात वाळूचा रंग बदलतो. किनाऱ्याजवळ ती फिकी असते, आत जावं तशी तांबूस होत जाते. लोखंडाचा गंज वाळूच्या कणांवर चढलेला असतो म्हणून. बदायरजवळचा 'बिग रेड' नावाचा प्रचंड उंचवटा तर सकाळच्या उन्हात विटेसारखा दिसतो. मधेमधे गाफची झाडं. आपण ज्याला शमी म्हणतो आणि राजस्थानात खेजडी, तेच हे झाड. अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष. मुळं इतकी खोल जातात की वर्षभर पाऊस नसला तरी पाला हिरवा. खाली उंट उभे होते आणि मान वर करून शेंडे ओरबाडत होते, त्यामुळे सगळ्या झाडांची खालची बाजू न्हाव्याने कापल्यासारखी सरळ.

डांबर संपलं तिथे भाईजाननी गाड्या थांबवल्या आणि टायरांतली हवा सोडायला लावली. पस्तीसवरून थेट सोळा. मला वाटलं गंमत करताहेत. ते म्हणाले, "भाबी, अनवाणी माणूस वाळूत कमी रुततो आणि टाचांच्या सँडलवाली जास्त. का? हवा कमी केली की टायर चपटा होऊन लांब पसरतो, वजन वाटलं जातं." मग बाकीचे नियम सांगितले. मऊ वाळूत थांबायचं नाही, पण पळवायचंही नाही, एकसारखा वेग ठेवायचा. उंचवट्यावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं. उतारावर गाडी कधी आडवी घालायची नाही, कलंडते. माथ्यावर पोचलं की पाय हलका करायचा, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. कमी हवेत एकदम वळण घेतलं तर टायर रिमवरून सुटतो. थांबायचंच असेल तर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यायची, शक्यतो तोंड उताराकडे करून. आणि रुतलो तर ॲक्सिलरेटर दाबत बसायचं नाही. "दाबाल तितकी गाडी स्वतःची कबर स्वतः खणते." हे शेवटचं वाक्य त्यांनी मुलांसमोर बोलायला नको होतं. धाकटी दिवसभर तेच म्हणत राहिली.

अल मदामची ती जुनी वस्ती मुख्य रस्त्यापासून फार लांब नाही, दोन-तीन किलोमीटरच असेल. पण दोन उंचवटे ओलांडल्यावर ती अचानक समोर येते. एकसारख्या बैठ्या घरांच्या दोन रांगा, मधे रस्त्यासारखी मोकळी जागा आणि टोकाला मशीद. बस, एवढंच गाव. दारं नाहीत, खिडक्या नाहीत. वाळू दारातून आत शिरून खोलीत पसरलीय. काही खोल्यांत ती एका कोपऱ्यात खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चढलीय, जणू कुणी धान्याची रास घातलीय. आतल्या भिंतींचे निळे-हिरवे रंग मात्र अजून ताजे. बाहेर सगळं तांबूस नि आत एकदम निळं, डोळ्यांना विचित्र वाटतं.

ही घरं सत्तरच्या दशकात सरकारने बांधून दिली. तंबू नि खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहणाऱ्या, उंट घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांना पक्की घरं मिळावीत म्हणून देशभर अशा वसाहती उभ्या राहिल्या. 'शाबिया' म्हणतात त्यांना, म्हणजे लोकांची घरं. या शाबियात अल केतबी कबिल्याची कुटुंबं राहत होती. वीसेक वर्षांत ती निघून गेली.

का गेली, यावर इथे हजार गोष्टी आहेत. सगळ्यात लाडकी गोष्ट जिन्नांची. त्यातही उम्म दुवैसची. ही सुंदर बाई अत्तराचा घमघमाट सोडत रात्री येते, डोळे मांजरीचे आणि हाताच्या जागी विळे. आमच्या थोरल्याने, आठवीतला आहे, ही गोष्ट मोबाइलवर आधीच वाचून ठेवली होती आणि धाकटीला ती बरोबर सगळ्यात अंधाऱ्या खोलीत सांगितली. मग रडारड. मला आमच्या वाडीतल्या हडळीच्या गोष्टी आठवल्या. तीही सुंदर असायची, तिचे पाय उलटे असायचे, आणि ती बरोबर त्याच पायवाटेवर उभी असायची जिथून आईला आम्ही संध्याकाळी जायला नको असायचो.

अब्बांनी धाकटीला उचललं नाही की समजावलं नाही. ते भिंत बघत होते. गिलावा उडालेल्या जागी सिमेंटचे ब्लॉक दिसत होते. त्यावर त्यांनी हात फिरवला, नखाने सांध्यातला मसाला खरवडला, मग चौकटीवरच्या लिंटलकडे बोट दाखवलं. तिथून गंजलेली सळई बाहेर आली होती. "खारी रेती," म्हणाले. "समुद्राची रेती वापरायचे तेव्हा घाईत. मीठ सळई खातं."

थोरल्याने विचारलं, "दादा, इथे एवढी रेती असताना समुद्राची कशाला?"

अब्बा एकदम खुलले. आठ दिवसांत पहिल्यांदा. "अरे, ही रेती कामाची नाही. वाऱ्याने घासून घासून गोल गुळगुळीत झालीय, सिमेंट धरतच नाही. वाळवंटात उभे राहून आम्ही रेतीच्या ट्रकची वाट बघायचो! मुकादम बोंबलायचा, रेती कुठेय, रेती कुठेय. आणि आम्ही चौफेर हात करून हसायचो."

"ही घरं तुम्ही बांधली?"

"अशी बांधली. हीच का, ते सांगता येत नाही. आम्हाला पिकअपमधून न्यायचे, बांधायला लावायचे, आणायचे. गावाचं नाव कोण सांगतो? पण असेच ब्लॉक, अशीच अंगणं. मालक लोक यायचे बघायला. एका म्हाताऱ्याला छत आवडायचंच नाही. अंगणातच झोपायचा. म्हणायचा, वर तारे दिसत नाहीत तर झोप कशी येणार."

मग ते खोल्यांतून फिरू लागले. बोर्ड कुठे आहेत, वायरी कुठे आहेत ते बघत. माझ्याकडे वळून म्हणाले, "जिन्न वगैरे काही नाही. लाइट नव्हता. वाळू रोज काढायची, रोज यायची. मुलांची शाळा लांब, नोकऱ्या शहरात. आणि शहरात याहून चांगलं घर मिळत होतं. कोण थांबेल?"

इथल्या अभ्यासकांनीही साधारण हेच लिहिलंय : वादळातली वाळू, विजेची अडचण, दूरची कामं नि शाळा. पण त्यांना शोधायला वेळ लागला असणार, अब्बांनी वीस मिनिटांत सांगितलं. गवंड्याला घर का सोडलं ते भिंतीवरून कळत असावं. २०२३ मध्ये शारजात वास्तुकलेचं एक मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं, तेव्हा दोन वास्तुरचनाकारांनी याच ठिकाणी काँक्रीटचा तंबू उभारला होता. तंबू तात्पुरता, काँक्रीट कायमचं, असा काहीतरी त्यातला विचार. अब्बांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "इथे काँक्रीट कायमचं नाही नि तंबू तात्पुरता नाही. उलट आहे."

मशिदीत वाळू कमी होती. येणारे-जाणारे कुणी झाडत असावेत. अब्बांनी मेहराबीसमोरची वाळू रुमालाने बाजूला केली आणि दोन रकात नफ्ल पढले. आम्ही बाहेर उभे. परत आल्यावर ते घराबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं, मी तयारीही केली होती मनात. पण ते फक्त म्हणाले, "किब्ला बरोबर धरलाय. तो कोण होता, त्याचं काम चोख."

आमच्या वाडीत आज सत्तावीस घरं आहेत. त्यातली अकरा कायमची बंद. कुवेत, मस्कत, मुंब्रा, कौसा, लंडन. गेल्या जुलैत आम्ही गेलो तेव्हा मी मोजली होती. आमची मुलं गावाला जातात ती नेहमी जुलै-ऑगस्टात, कारण इथल्या भारतीय शाळांना सुट्टी तेव्हाच. म्हणजे त्यांनी कोकण पाहिलंय ते फक्त धो-धो पावसातलं : गळणारं छप्पर, खाली ठेवलेली भांडी, गेलेली लाइट, अंगणातले बेडूक. त्यांना ते घर आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना दोषही देऊ शकत नाही. इथे वाळू आत येते, तिथे पाणी. मी त्या निळ्या खोलीत उभी राहून आमच्या पडवीचा विचार करत होते, हे अब्बांना सांगितलं नाही.

तिथून मलीहा सुमारे वीस किलोमीटर, चांगला रस्ता. मलीहा म्हणजे आपल्याकडे मुलींचं असतं तेच नाव. रस्त्याच्या कडेला एकाएकी हिरवंगार दिसायला लागलं तेव्हा आम्हाला भास वाटला. गहू! शारजा सरकारने २०२२ मध्ये इथे ४०० हेक्टरांवर गव्हाची शेती सुरू केली. गोल फिरणारे लांबलचक फवारे आणि पलीकडे वाळू. अब्बांनी गाडी थांबवायला लावून पाच मिनिटं नुसतं बघितलं.

मलीहाच्या पुरातत्त्व केंद्रात तासभर गेला. ही वास्तू एका गोल दगडी थडग्याला वळसा घालून बांधलीय. ते थडगं सुमारे चार हजार तीनशे वर्षांपूर्वीचं, उम्म अन-नार काळातलं. पुढे इस्लामपूर्व काळात इथे चांगलं भरभराटीचं शहर होतं, काफिल्यांच्या व्यापारावर जगणारं. खोदकामात उंट नि घोडे पुरलेले सापडले, एका घोड्याच्या लगामाला सोन्याचं काम. तेही शहर ओस पडलं. आणि जवळच्या फाया डोंगराच्या आडोशाला माणसाने वापरलेली दगडी हत्यारं सापडलीत, सगळ्यात जुनी सुमारे २ लाख १० हजार वर्षांपूर्वीची. २०२५ मध्ये युनेस्कोने फायाचा हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. थोरला म्हणाला, "म्हणजे लोक इथे येतातच, जातातच." त्याने ते सहज म्हटलं, त्याचं लक्ष खरं तर पाण्याच्या बाटलीकडे होतं.

गाडी कुठपर्यंत न्यायची, कुठे नाही, हे केंद्रातच विचारून घेतलं. हा परिसर आता जपलेला आहे, वाट्टेल तिथे चाकं घालायची नाहीत. मग पुन्हा वाळू. समोर जबल मलीहा, ज्याला सगळे 'फॉसिल रॉक' म्हणतात. तांबड्या वाळूतून एकटाच उठलेला फिकट पिवळट खडक, शेजारी उंटाच्या आकाराचा दुसरा.

आणि इथे मी गाडी रुतवली.

कारण सांगायला लाज वाटते. उंचवट्यावरून उतरताना खाली खोलगट जागा दिसली, मागून धाकटी ओरडली "कबर! कबर!", आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढे जायला गेले तर चाकं जागच्या जागी फिरली. मी पुन्हा दाबलं. भाईजाननी सांगितलेलं सगळं मी तीन सेकंदांत विसरले. गाडी पोटावर बसली. दार उघडलं तर वाळू दाराच्या काठाशी.

ह्यांनी तोंड उघडायच्या आधी अब्बा खाली उतरले होते. "फावडं दे." मी म्हटलं, अब्बा, तुम्ही बसा, चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, ह्यांना करू दे. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ह्यांनी फावडं घेऊन चाकांभोवती वाळू उपसायला सुरुवात केली तर अब्बा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही खड्डा करताय, मला उतार पाहिजे." आणि हातातून फावडं काढून घेतलं. एका हाताने फावडं दांड्याशी, दुसरा हात वर, कंबर न वाकवता, वाळू मागे न टाकता बाजूला फेकत. चारही चाकांच्या मागे लांब, निमुळता उतार केला. मग गाडीखालची वाळू हाताने ओढून काढली. भाईजान पोचले तोवर अर्धं काम झालं होतं. ते नुसते बघत राहिले.

टायरांची हवा आणखी कमी करून बारावर आणली. गिअर लो-रेंजमध्ये टाकला. पुढे जायचं नाही, ज्या चाकोरीतून आलो त्याच चाकोरीतून मागे, कारण तिथली वाळू आपल्याच वजनाने दबलेली असते. पहिल्या खेपेला हातभर हलली. मी तिथेच सोडलं, पुन्हा उपसलं. दुसऱ्या खेपेला बाहेर. पट्टा लावायची वेळ आली नाही. पट्टा लावावा लागला तर मुलांना खूप लांब उभं करायचं, आणि तो गाडीच्या पक्क्या हुकालाच अडकवायचा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. हे भाईजाननी पुन्हा पुन्हा सांगितलंय म्हणून इथे लिहिते. आपल्याकडे दापोलीच्या किनाऱ्यांवर हौसेने गाड्या पुळणीत घालणारे नि भरती आली की ओरडणारे दर सुट्टीत असतात. त्यांनीही वाचावं.

अब्बा घामाने भिजले होते, श्वास लागला होता. मला काळजी वाटली, पाणी दिलं, सावलीत बसवलं. चेहरा मात्र असा की मुंबई विमानतळापासून आजपर्यंत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी काम दिलंय.

खडकाशी पोचलो तेव्हा असरची वेळ होत आली होती. वर फार चढायला लागत नाही, पायथ्याच्या दगडांतच शिंपले दिसतात. अब्बा एका दगडापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "अरे, हे तर कालव!" बाणकोटच्या खाडीत ज्याने लहानपणी दगडावरची कालवं फोडलीत त्याला कोण फसवणार? कालव नाही, पण त्याचं दूरचं नातेवाईक. शिंगाच्या आकाराचे, वळणावळणाचे, गोगलगायीसारखे, सगळे दगड झालेले. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता. त्या वेळच्या काही शिंपल्यांचे कुळंच्या कुळं पुढे पृथ्वीवरून नाहीशी झाली. थोरल्याने भूगोलाचं पुस्तक बाहेर काढल्यासारखं सांगितलं की जवळपास त्याच सुमाराला, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या महाराष्ट्रावर लाव्हा ओतत होता, आणि तोच दगड झिजून, उन्हापावसाने कुजून आपल्या घराचा जांभा झाला.

"आपलं घर त्या लाव्हाचं आहे?" धाकटीने विचारलं.

"त्याच्या मातीचं," तो म्हणाला.

तिने एक सुटा शिंपला मुठीत धरला होता. मी सांगितलं, इथून काही न्यायचं नाही, कायद्यानेही नाही. ती माझ्याकडे न बघता दादांकडे गेली. तिला वाटलं असावं, ते परवानगी देतील. अब्बांनी तिच्या मुठीतला शिंपला घेतला, उलटसुलट केला, आणि ज्या दगडापाशी सापडला होता तिथेच तिला परत ठेवायला लावला. तोंडाची बाजू खाली, अगदी होता तसा. मग म्हणाले, "घरी तुला पुष्कळ देईन. जिवंतवाले."

मगरिबनंतर पेट्रोल पंपावर टायरांत हवा भरायला थांबलो. एकेका टायरला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे बोलायला वेळ मिळतो. मीच विषय काढला. म्हटलं, अब्बा, मला खरंच माहीत नाही. विकू नका म्हटलं तर वर्षातून दोन आठवडे जाणारी मी कोण सांगणार? आणि विका म्हणायला जीभ रेटत नाही.

ते गेजकडे बघत होते. "तुझा भाऊ म्हणतो ते चूक नाही," म्हणाले. "रिकामं घर टिकत नाही. ब्लॉकचं टिकलं नाही, जांभ्याचंही टिकणार नाही. पण मुलांनी ते पावसातच बघितलंय. उन्हातलं घर त्यांनी बघितलेलंच नाही. गिऱ्हाइकाला मी मार्चअखेरपर्यंत थांब म्हणतो. मार्चमध्ये यांना सुट्टी असते ना? ईदही तेव्हाच आहे. या. शाकारणीला माणसं लागतीलच, कौलं उतरवायला जावईबापू येतील."

ह्यांनी लगेच कॉम्प्रेसरची नळी नीट करायला सुरुवात केली.

घरी आल्यावर गाडीतून, बुटांतून, धाकटीच्या केसांतून, बिर्याणीच्या रिकाम्या घमेल्यातून मिळून ओंजळभर तांबडी वाळू निघाली. अब्बांनी ती कागदावर घेऊन बोटांत चोळून बघितली आणि कुंडीत टाकली. मी रात्री तिकिटं बघितली. ईदच्या आधीची सगळी महाग आहेत, ईदनंतरच्या मंगळवारची थोडी स्वस्त. भावाला अजून सांगितलेलं नाही.